दंडावरचा दिवा

कांचन चौगुलेच्या आवाजाविषयी जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत दुमत नव्हतं. पिठाची गिरणी आणि मिरचीचं कांडप यांच्या खडखडाटात पंचवीस वर्षं उभं राहून कमावलेला आवाज तो. ती नवऱ्याला चहाला हाक मारायची, तेव्हा पलीकडच्या घरातले पुरुषही नकळत 'आलो, आलो' म्हणत उठायचे. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्यापायी एक गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. कांचनकाकू ज्याला बोलत नाही त्याच्याशीच तिचं बिनसलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा बाईला जूनपासून तोंडाला कुलूप घालून राहावं लागत होतं. कारण तिच्या घरी दहा वर्षांची चैत्राली राहायला आली होती, आणि चैत्रालीच्या दंडावर ताईत होता.

त्या सकाळी चैत्रालीच्या हातून चटणीचा डबा पडला. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची निवडून, उन्हात वाळवून, घरच्या कांडपात कुटलेली अख्ख्या वर्षाची चटणी! स्वयंपाकघराची फरशी लाल झाली. कांचनच्या घशाशी एक लांबलचक वाक्य येऊन उभं राहिलं. 'डोळे काय गहाण टाकलेस का गं भवाने' इथून ते सुरू होणार होतं आणि कुठं संपलं असतं, देव जाणे. तेवढ्यात तिचा नवरा उत्तम दारात आला. तो मुलीकडे बघत नव्हता, डब्याकडेही नाही. तो तिच्या दंडाकडे बघत होता. ताईतावरचा दिवा हिरवा होता. कांचननं वाक्य गिळलं.

"असू दे हं बाळ," ती म्हणाली. बँकेच्या फोनवर बोलणाऱ्या बाईसारखा हा गोड आवाज तिनं मोठ्या कष्टानं साधला होता. "काही झालं नाही. तू तिकडे बस हं. मी आवरते."

"मी पुसू का?" चैत्रालीनं विचारलं.

"छे छे! तू कशाला?"

मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. कांचननं जवळ जाऊन कान दिला, तर ती सतराचा पाढा म्हणत होती. मग तिखट नाकात गेलं आणि तिघांनाही शिंका सुटल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि कुणीही कुणावर रागावलेलं नव्हतं. इतका खोटेपणा त्या घरात आजवर कधी झाला नव्हता.

आता हा ताईत काय प्रकार आहे ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे.

माणसाच्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं एक रसायन असतं. सकाळी जाग आली की ते झपाट्यानं चढतं आणि त्याच्या जोरावर आपण अंथरुणातून उठतो. पुढे दिवसभर ते उतरत जातं, रात्री तळाला टेकतं, तेव्हा शरीर विसावतं. कागदावर काढलं तर टेकडीसारखं दिसतं. मध्येच राग आला, भीती वाटली, की टेकडीवर एखादा सुळका येतो. कुणी जवळ घेतलं, समजूत काढली, की तो सुळका खाली येतो. डॉ. वसुधा केळुसकर नावाच्या संशोधक बाईंनी कितीतरी वर्षं बालगृहांतल्या मुलांच्या घामातलं हे रसायन मोजलं, आणि त्यांना टेकडी सापडलीच नाही. सापडली ती सपाट रेघ. पाळ्या लावून बदलणाऱ्या मावश्या, चाळीस मुलांत एक बाई, रडलं तर कोण येईल याचा भरवसा नाही. मग शरीर रडायचंच सोडून देतं. विझू घातलेल्या चुलीसारखं होऊन जातं, ना जाळ ना राख. हीच मुलं एखाद्या घरात, त्याच त्या दोन माणसांच्या सोबतीनं वाढू लागली की टेकडी पुन्हा उगवते, हेही बाईंनी दाखवून दिलं.

विशेष म्हणजे सरकारनं ते मनावर घेतलं. बालगृहं बंद करायची आणि प्रत्येक मुलाला घर द्यायचं, असा कायदा झाला. योजनेचं नाव 'घरटं'. कायदा चांगलाच होता. लेक नोकरीला नागपूरला गेल्यावर घर खायला उठत होतं, तेव्हा कांचननं स्वतः होऊन योजनेत नाव दिलं होतं आणि त्यांचं प्रशिक्षणही घेतलं होतं.

पण घरी दिलेल्या मुलाचं बरं चाललंय का, हे बघणार कोण? मुलं शेकड्यांनी आणि अधिकारी बोटांवर मोजण्याइतके. म्हणून मुलाच्या दंडावर बांधायचा एक पट्टा आला. तो घामातलं रसायन मोजायचा आणि आकडे कार्यालयात पाठवायचा. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला ताईत म्हणू लागले. केळुसकर बाईंनी यंत्राला अख्खी टेकडी वाचायला शिकवलं होतं. वरच्या साहेबांना टेकडी वाचायला सवड नव्हती, त्यांना एक दिवा हवा होता. तेव्हा कुणीतरी ते सोपं करून दिलं. मोठा सुळका आला की लाल, छोटा आला की पिवळा, काहीच आलं नाही की हिरवा. खेळण्याधावण्यातला चढ यंत्र वजा करायचं. पहिला लाल लागला की घरी फोन. दुसरा लागला की गाडी, आणि मूल पुढच्या घरी. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर त्याला दिवाच बरा.

लोकही काही कमी नव्हते. शेजारच्या बेबीआक्का सांगायच्या की त्यांच्या नात्यातल्या एकानं ताईत सरळ आजोबांच्या दंडाला बांधला, आणि म्हातारबाबांनी महिनाभर हिरवा दिवा राखला. शेवटी त्यांनी टीव्हीवर मॅच बघितली आणि सगळं उघडकीला आलं.

चैत्राली चैत्रात मिरजेच्या स्टँडवर सापडली होती, म्हणून बालगृहानं तिचं ते नाव ठेवलं. बालगृह बंद झाल्यावर तिची दोन घरं झाली. पहिल्या घरी ती रडायची. दुसऱ्या घरी तिनं दोनदा ताट भिरकावलं. दोन्हीकडे गाडी आली. तिसऱ्या घराचा उंबरा ओलांडताना मुलगी शहाणी होऊन आली होती. इथं दिवाळीपर्यंत निभावलं, की त्यानंतरच्या सुनावणीत समिती तिला कायमची चौगुल्यांकडे देणार होती आणि दंडावरचा ताईत निघणार होता. कांचनचा जीव त्या सुनावणीत अडकला होता. पोरीनं पहिल्याच दिवशी गिरणीतल्या पिठात बोटानं मांजर काढलं होतं, आणि तेव्हापासून ही आपली, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

म्हणून तर सगळा आटापिटा. चैत्रालीला भांडी घासू द्यायची नाहीत, ती दमेल. अभ्यासाला बस म्हणायचं नाही, ती घाबरेल. नको असलेली भाजी ताटात वाढायची नाही. पोळी पहिली तिला, तूप तिला, पंख्याखालची जागा तिला. मुलगीही तशीच वागायची. स्वतःच्या घरात "पाणी घेऊ का?" विचारायची. "थँक्यू काकू" म्हणायची. जून गेला, श्रावण गेला, गणपती आले नि गेले, आणि घरात आलेली पाहुणी काही केल्या पाहुणी राहायची थांबेना.

एके दुपारी नागपूरहून लेकीचा, केतकीचा फोन आला. ती दोन दिवस ताप अंगावर काढून कामाला जात होती, हे बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून निसटलं.

"ताप अंगावर काढतीस?" कांचनचा जुना आवाज गिरणीच्या पत्र्यावर आपटून परत आला. "अक्कल काय शेण खायला गेलीया का तुझी? डॉक्टरकडं गेलीस? का न्हाई गेलीस? एवढी मोठी घोडी झालीस, आन काढा करून प्यायची अक्कल न्हाई? मी आले ना तिकडं, तर लाटणं घेऊनच येते बघ!"

पलीकडे केतकी हसत होती. "ये की. येताना चटणी आण."

कांचननं फोन ठेवला. चैत्राली गृहपाठाची वही घेऊन दारात उभी होती.

"काकू, केतकीताईला ताईत नाही?"

"नाही गं बाळ," कांचन गोड आवाजावर आली. "तिला कशाला?"

"मग एवढं रागावलात, तर तिला न्यायला गाडी नाही येत?"

कांचनला हसू आलं. "तिला कोण न्यायला बसलंय? माझी लेक हाय ती!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. चैत्रालीनं मान डोलावली. वर्गात एखादं गणित समजल्यावर डोलावतात, तशी. मग ती वही घेऊन आत गेली. दंडावरचा दिवा तसाच हिरवा होता. कांचनला त्या हिरव्या रंगाचा एवढा संताप आला, की तिनं चालू गिरणीच्या जात्यात बेबीआक्कांची ज्वारी कुणा दुसऱ्याच्या गव्हावर ओतली.

त्या आठवड्यात योजनेचा अधिकारी भेटीला आला. निनाद पाटणकर त्याचं नाव. तिशीतला, सभ्य, मुलांसाठी खिशात गोळ्या बाळगणारा. त्यानं चैत्रालीला समोर बसवून नियमाप्रमाणे विचारलं, "इथं बरं वाटतं ना? राहायचंय ना इथं?"

"तुम्ही म्हणाल तसं," चैत्राली म्हणाली.

निनादनं ते टॅबवर टिपून घेतलं आणि कांचनकडे वळून म्हणाला, "ताई, अभिनंदन. अख्ख्या जिल्ह्यात एकही पिवळा न लागलेलं हे एकच घर आहे. शनिवारी कोल्हापुरात तुमचा सत्कार ठेवलाय."

"दिवा ऱ्हाऊ दे," कांचन म्हणाली. "तिची रेघ दाखवा मला. प्रशिक्षणात दाखवली होती तसली."

त्यानं जरा कुरकुरत ती उघडली. रेघ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली होती. सकाळी चढ नाही, रात्री उतार नाही.

"ही तर तुम्ही बालगृहाची म्हणून दाखवली होती," कांचन म्हणाली. "असली रेघ असली की पोर आतनं विझतं म्हणाला होता. असल्या रेघेपायी तुम्ही बालगृहं मोडलीत की हो!"

निनादचे कान लाल झाले. "ताई, वर फक्त दिवा बघतात. रेघ कुणी उघडतच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "शनिवारी केळुसकर मॅडम पाहुण्या आहेत. त्यांना विचारा. मी सांगितलं म्हणू नका."

शनिवारी कांचनला शाल आणि नारळ मिळाला. 'आदर्श घर' असं कोरलेली पाटी मिळाली. टाळ्या झाल्या. शेजारी चैत्राली नव्या फ्रॉकमध्ये हात जोडून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. चहाच्या टेबलाशी कांचननं केळुसकर बाईंना गाठलं आणि फोनमध्ये घेऊन ठेवलेली रेघ त्यांच्यापुढे धरली. बाईंनी चष्मा वर केला, रेघ पाहिली आणि कप खाली ठेवला.

"दोन वर्षं मी हेच सांगतेय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात बोलून बोलून आलेला शीण होता. "सुळका वाईट नसतो हो. ज्या घरात माणसं राहतात तिथं भांडण होणारच. चढलेला ताण किती लवकर उतरतो, त्यावरून घर कळतं. उतरवणारं कुणी आहे अशी खात्री असली, तरच मूल मनमोकळं चिडतं. यांचं यंत्र फक्त चढ मोजतं. उतार मोजायचं पुढच्या आवृत्तीत बघू म्हणतात."

"कधी यायची ती?"

"निविदा निघेल तेव्हा."

"आन तवर माझ्या पोरीनं काय करायचं?"

बाईंनी फोन तिच्या हातात परत दिला.

"मग मी काय करू ते तरी सांगा. ओरडू तिला?"

"शास्त्र विचाराल तर मोकळं वागा. कायदा विचाराल तर मुळीच वागू नका. दिवा लाल झाला, तर ती गाडी मलासुद्धा थांबवता येत नाही, चौगुलेताई."

ज्या बाईनं हे सगळं शोधून काढलं तिनंच हात टेकलेले पाहून कांचनला काही सुचेना. हातातला नारळ नेमका कुणाच्या टाळक्यात घालावा, एवढाच प्रश्न तिला पडला. तिथं घालण्याजोगी टाळकी बरीच होती, पण दोषी एकही सापडेना. जो तो म्हणे, माझ्या हातात नाही.

घरी आल्यावर उत्तमनं तिची समजूत घातली. "दिवाळीपर्यंत कळ काढ. ताईत निघू दे. मग बोल की हवं तेवढं."

"दिवाळीला कागद येईल माझ्या हातात," कांचन म्हणाली. "पोरगी असंल का तवर? ती रोज थोडी थोडी चाललीया. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली ती. ऐकलंस न्हवं?"

उत्तमनं ऐकलं होतं. पण गाडी त्यालाही नको होती.

पुढच्याच आठवड्यात चैत्राली शाळेतून घरी आली नाही.

पाच वाजले, सहा वाजले. बेबीआक्का मैदान बघून आल्या. शाळेला कुलूप होतं. उत्तम गुडघेदुखी विसरून सायकलवरून नदीच्या पुलापर्यंत गेला. कांचन चालू गिरणी तशीच टाकून स्टेशनकडे धावली, तिथून बाजारात, तिथून परत. पोलिसांना फोन केला तर ते निनादला कळवणार आणि निनादला कळलं तर गाडी, म्हणून तिनं तोही केला नाही, आणि त्याबद्दल स्वतःला शिव्या घातल्या. दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी दप्तर पाठीवर घेतलेली मुलगी दिसली. सावकाश चालत, जणू काही रोज याच वेळेला येते.

उत्तम पुढे झाला. त्यानं कांचनकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि मुलीच्या दंडाकडे इशारा केला. हिरवा. कांचननं तो हिरवा दिवा पाहिला, आणि आतापर्यंत गिळलेलं सगळं तिच्या घशातून एकदम वर आलं.

"कुठं उलथली व्हतीस गं भवाने? सगळी गल्ली पालथी घातली! काका सायकलवरनं नदीपातुर जाऊन आला, नदीपातुर! का गेला असंल, कळतंय का तुला? गुडघा बघ त्याचा! पाय मोडून ठेवते का न्हाई बघ तुझं! मूग गिळलेस का तोंडात? बोल की!"

चैत्राली भिंतीला टेकली. तिचे ओठ हलू लागले.

"पाढं नगं म्हणूस! माझ्याशी बोल!"

"मी मुद्दाम गेले होते!" चैत्राली ओरडली. तिचाही आवाज मोठा होता, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. "स्टँडवर बसले होते! मला बघायचं होतं, उशीर झाला तर तुम्ही रागावता का! केतकीताईला रागावता, काकांना रागावता, बेबीआक्कांच्या कुत्र्याला पण रागावता! मला एकटीलाच बाळ बाळ करता!"

दिवा लाल झाला. चैत्रालीनं तो पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. कांचननं तिला ओढून पोटाशी धरलं. पोरगी हुंदके देऊन रडली, कांचनच्या पीठभरल्या साडीला तिनं नाक पुसलं, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत तो दिवा पिवळा होऊन पुन्हा हिरवाही झाला. उत्तम तोंडाचा आ करून ते बघत राहिला.

निनादचा फोन आलाच. "काय झालं?" "पोरगी उशिरा आली, मी रागावले," कांचननं सांगितलं. "ताई, परत नको हं," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "दुसऱ्या वेळी मी मध्ये पडू शकत नाही. हुकूम मशीनच काढतं."

कांचननं प्रयत्न केला, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा गोड आवाज लावला, तर चैत्राली म्हणाली, "झालं का सुरू तुमचं बँकेतल्या बाईचं?" आणि दोघींना हसू आवरेना. त्यानंतर ते घर घरासारखं चालू लागलं. चैत्राली तांदूळ निवडायला बसली आणि खडे ठेवल्याबद्दल बोलणी खाऊ लागली. केसांना तेल लावण्यावरून रोज सकाळी खडाजंगी व्हायची. दिवा कधी पिवळ्यावर जाई आणि चहा उकळायच्या आत परत येई. निनादनं गुपचूप पाठवलेल्या रेघेत आता सकाळच्या जागी एक छोटा उंचवटा दिसत होता. कांचननं तो केतकीला पाठवला, माहेरी नव्या बाळाचा फोटो पाठवावा तसा.

आणि मग शेपूच्या भाजीवरून घात झाला. चैत्राली म्हणाली, ही घाण मी खाणार नाही. कांचन म्हणाली, खाशील, नाहीतर उपाशी राहशील. चैत्राली म्हणाली, राहीन. कांचन म्हणाली, राहा. दोघीही इरेला पेटल्या, आणि कुणाचंही लक्ष नसताना दिवा लाल होऊन गेला. पोरीनं अखेर दोन घास खाल्ले, वर गूळ मागितला, आणि विषय संपला. यंत्राच्या लेखी मात्र तो संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी गाडी गल्लीत शिरली.

निनाद उतरला तो खाली मान घालूनच. कांचननं त्याला हात जोडले, मग त्याच्यावर डाफरली, मग पुन्हा हात जोडले. "शेपूसाठी हो?" ती विचारत होती. "शेपूसाठी पोर नेणार माझी? तुमच्या घरात कुणी शेपूला नाक मुरडत न्हाई?"

"हुकूम आहे ताई."

"कुणाचा? नाव सांगा त्याचं!"

नाव कुणाचंच नव्हतं. निनादनं चैत्रालीकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर चौकट धरून उभी होती आणि तिचा दिवा लालभडक होता.

"थांबावं लागेल," तो म्हणाला. "लाल दिव्यात मुलाला गाडीत बसवता येत नाही. शांत झाली की निघू."

"आन न्हाई झाली तर?"

बेबीआक्कांनी आणलेल्या चहावर फुंकर घालत, कांचनकडे न बघता निनाद बोलला. "आजचा हुकूम आजच्यापुरता असतो. संध्याकाळी ऑफिस बंद झालं, की तो मशीनमधून निघतो आणि सुनावणीला जातो. तिथं माणसं बसतात, त्यांच्यापुढं रेघ ठेवता येते. पण आजवर तसं झालेलं नाही. मुलं दमतात आणि शांत होतात."

कांचननं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग तिनं पदर खोचला.

"काय गं ए!" ती गरजली. "काल तांदूळ निवडलेस का खडे निवडून तांदूळ फेकलेस?"

चैत्राली क्षणभर गोंधळली. मग तिच्या डोळ्यांत उजेड पडला. "तुमच्या तांदळातच खडे असतात! बाजारातनं बघून आणत नाही!"

"मला शिकवतीस? सकाळी वेणी कुणी अर्धी सोडली?"

"तुम्ही केस ओढता! बैलाला वेसण घालता तसं!"

गल्ली गोळा झाली. बेबीआक्का बाजूनं सुचवू लागल्या, "अगं तिचं अक्षर काढ, अक्षर!" कांचननं अक्षर काढलं. चैत्रालीनं गिरणीचा आवाज काढला, उत्तमचं घोरणं काढलं. तीन वाजले, चार वाजले. ड्रायव्हर गाडीतच झोपला. पण भांडायचं ठरवून भांडण किती वेळ टिकणार? कांचन म्हणाली, "तुझ्यापरीस आक्काचं कुत्रं शहाणं," आणि चैत्रालीला खुदकन हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला, तरी ते बोटांतून बाहेर येत राहिलं. कांचननंही हसू गिळलं, पण तिचे खांदे हलू लागले. दिवा पिवळा झाला.

निनाद उभा राहिला. ड्रायव्हर जागा झाला आणि त्यानं गाडीचं मागचं दार सरकवलं.

"हसतीस काय?" कांचन ओरडली. "भांड! भांड माझ्याशी!"

"कशावरून?" चैत्राली हसता हसता रडकुंडीला आली. "संपलं की सगळं!"

"कशावरून बी! मी काय वाईट केलं तुझं ते सांग! आठव की गं!"

चैत्रालीनं कपाळाला आठ्या घातल्या. दिवा पिवळ्यावरून फिकट होत चालला होता. ती आठवत होती, खरोखरच आठवत होती, आणि आठवता आठवता तिचा चेहरा बदलला.

"तुम्ही माझ्या दंडाकडंच बघता," ती म्हणाली. पहिल्यांदा हळू. "जेवताना पण. गणपतीत मी नाच केला, तेव्हा सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, आणि तुम्ही दंडाकडं. ताप आला तेव्हा आधी दंड बघितलात, मग कपाळाला हात लावलात. आत्ता पण तिकडंच बघताय!"

कांचन तिकडेच बघत होती. तिनं नजर वर उचलली. निनादनं पोरीच्या दंडाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला हात केला. दार पुन्हा सरकून बंद झालं.

"बोल," कांचन म्हणाली. ती पोरीच्या समोर पायरीवर बसली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "आणखी काय काय केलं मी? सगळं सांग."

चैत्रालीनं बाहीनं नाक पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. आधी या घराचं, मग त्याच्या आधीच्या घराचं, मग त्याही आधीचं. संध्याकाळी ऑफिस बंद झालं, तेव्हाही तिचं सांगून संपलेलं नव्हतं.